शाळेच्या अडगळीत बीबीसीचा कीबोर्ड सापडला, हा आला कुठून?

पिंपळपार:

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आहे, त्यासाठी आम्ही चारपाच जण मिळून प्रयोगशाळेच्या मागची अडगळीची खोली साफ करत होतो. तुटके बाक, गणपतीच्या मखराचं थर्माकोल, एक पाय गेलेला सांगाडा (तो आमच्या वेळीही एका पायावरच होता), आणि त्याच्यामागे पत्र्याच्या ट्रंकेत एक वस्तू सापडली जी कुणालाच ओळखता आली नाही. दिसायला जाडजूड कीबोर्ड. रंग मूळचा बिस्किटासारखा असणार, आता पिवळा पडलाय. कळा काळ्या, पण सगळ्यात वरच्या ओळीतल्या दहा कळा लालभडक. माऊस नाही, स्क्रीन नाही, फ्लॉपी घालायची फट पण नाही. मागून जाड वायर निघून थेट थ्री पिनला जाते म्हणजे या कीबोर्डलाच लाईट लागते! आणि वर ठिपक्याठिपक्यांचं घुबड काढलंय आणि इंग्रजीत लिहिलंय ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन.

आता बीबीसी म्हणजे बातम्यावाले ना? मग रेडिओवाल्यांचा कीबोर्ड आमच्या तालुक्याच्या शाळेत कसा काय? मी ९६ साली दहावी झालो. आमच्या वेळी शाळेत कॉम्प्युटर नव्हता हे आमची अख्खी बॅच शपथेवर सांगेल, आम्ही पहिला कॉम्प्युटर बघितला तो बाजारपेठेतल्या क्लासमध्ये, चपला बाहेर काढून. म्हणजे हा आमच्या आधीच आला होता आणि आमच्या वेळी सांगाड्याच्या मागे जाऊन बसला होता असं काही आहे का? मुलगी आठवीत आहे, तिच्या शाळेत पायथॉन शिकवतात, तिला फोटो दाखवला तर म्हणे बाबा हे टाईपरायटर आहे. कुणाला माहीत असेल तर सांगा. आणि प्लग लावून बघितलं तर चालेल का?

खडूवाले_सर:

पिंपळपार, तुमचा फोटो पाहून दोन मिनिटं काही सुचलंच नाही. तो कीबोर्ड नव्हे, अख्खा कॉम्प्युटरच तो. बीबीसी मायक्रो. मी गणिताचा मास्तर, निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, पण ती घुबडाची पट्टी अंधारातही ओळखीन.

१९८४-८५ साली केंद्र सरकारनं एक प्रकल्प काढला, कॉम्प्युटर लिटरसी अँड स्टडीज इन स्कूल्स, त्याची आद्याक्षरं घेऊन नाव 'क्लास'. इलेक्ट्रॉनिक्स खातं आणि शिक्षण मंत्रालय असा दोघांचा संसार आणि मध्ये एनसीईआरटी. देशभरातल्या अडीचशेच्या आसपास माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळा निवडल्या, आणि त्यांना ही यंत्रं दिली. ती ब्रिटनहून आलेली. नंतर मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सनं तेच यंत्र आपल्याकडे जोडायला घेतलं, त्याचं नाव युनिकॉर्न. तुमच्यावर घुबड आहे म्हणजे तो विलायती दिसतो. पुढच्या काही वर्षांत दोन हजारांवर शाळा या प्रकल्पात आल्या.

आमच्या शाळेतून तिघांना ट्रेनिंगला धाडलं. मी, सायन्सचे एक सर, आणि भूगोलाच्या बाई, कारण बाकी कुणी सुट्टी मोडायला तयार नव्हतं. इंजिनिअरिंग कॉलेजात वर्ग भरायचा, शिकवणारी पोरं आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आम्हाला 'सर सर' म्हणायची आणि आमची उत्तरं चुकली की हसू दाबायची. परत आलो तेव्हा सायन्सचे सर म्हणाले मला फक्त बंद कसा करायचा ते कळलंय.

बटण दाबलं की आधी एक खालच्या पट्टीतला 'बूऽऽ' आणि मग वरच्या पट्टीत 'बिप'. पडद्यावर 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', त्याखाली 'बेसिक', त्याखाली एक बाण आणि लुकलुकणारी रेघ. संपलं. ना चित्र, ना खिडकी, ना आजच्यासारखं कुठे बोट लावायचं. पुढे काय? पुढे तुम्ही काहीतरी लिहायचं, तरच ते काहीतरी करणार. वर्ग त्या रेघेकडे बघत बसायचा आणि मग कुणीतरी धीट पोरगा पुढे यायचा. पहिल्या दिवशी प्रत्येक शाळेत एकच प्रोग्रॅम झाला असेल, दहा प्रिंट आणि आपलं नाव, वीस गोटू दहा, म्हणजे परत दहाव्या ओळीवर जा. पडदा भरून स्वतःचं नाव धावायला लागलं की पोरं टाळ्या पिटायची आणि मग कुणालाच ते थांबवता यायचं नाही. एस्केपची कळ मी मुद्दाम शेवटी सांगत असे.

मेमरी ३२ केबी. आता तुमच्या फोनमधला 'शुभ सकाळ'चा एक फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. त्यात गंमत अशी की पडदा वापरायच्या वेगवेगळ्या पद्धती होत्या, त्यांना मोड म्हणायचे, आणि रंगीत चित्रासाठी मोड २ लावला की नुसता पडदाच वीस केबी खाऊन बसायचा. बत्तीस खोल्यांच्या वाड्यात वीस खोल्या पाहुण्यांना दिल्यासारखं. उरलेल्यात प्रोग्रॅम मावला नाही की यंत्र 'बॅड मोड' असा शेरा मारायचं. एक मुलगा मला म्हणाला, सर, याचा मूड गेलाय.

आणि एक फजिती. पुस्तकात लिहिलं होतं की घरचा टीव्ही जोडला तरी चालतो. गॅदरिंगला दोन पडदे हवेत म्हणून एका पालकांचा शटरवाला टीव्ही हातगाडीवरून आणला, सगळं गाव बघायला, आणि चित्र काही येईना. नुसत्या मुंग्या. नंतर कळलं की हे यंत्र यूएचएफवर चित्र सोडतं आणि आपले तेव्हाचे टीव्ही व्हीएचएफवाले. हातगाडीवरून परत गेला बिचारा.

तो ट्रंकेत का गेला हेही सांगतो, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. तास वेळापत्रकात नव्हता. शाळा सुटल्यावर. परीक्षा नाही, मार्क नाहीत. दहावीच्या मुलाला कोणते आईबाप बिनमार्कांच्या विषयाला थांबू देतील? पहिली दोन वर्षं उत्साह होता, मग एक कळ तुटली, मग मॉनिटर गेला, मग मी दुसऱ्या शाळेत गेलो. खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये होती ती बहुतेक तिथेच राहिली.

टेम्सकाठी:

आधी सगळ्यात महत्त्वाचं, प्लग लावू नका!!! या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या तोंडाशी दोन फिल्टर कपॅसिटर असतात, ते चाळीस वर्षांत तडकतात, आत दमट हवा जाते आणि लाईट दिली की काही मिनिटांत फुटतात. माझ्याकडे दोन बीबीसी आहेत आणि दोन्हींनी माझी खोली धुरानं भरलेली आहे. आधी ते बदला.

आता रेडिओवाल्यांचा कीबोर्ड का. मी इकडे इंग्लंडमध्ये वीसेक वर्षं आहे, एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवर काम करतो, इथले चाळिशीपन्नाशीचे सगळे कलीग या मशीनबद्दल आपण मालगुडीबद्दल बोलतो तसं बोलतात. १९८०च्या सुमारास बीबीसीनं ठरवलं की लोकांना कॉम्प्युटर म्हणजे काय ते टीव्हीवरून शिकवायचं, पण बघणाऱ्याच्या घरी तसाच कॉम्प्युटर हवा ना, म्हणून आपल्या नावाचं मशीन बनवून घ्यायचं. केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीला काम मिळालं. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आठवड्याभरात, शब्दशः सोमवार ते शुक्रवार, प्रोटोटाईप उभा केला, बीबीसीवाले बघायला आले त्याच सकाळी तो चालू झाला. १९८१च्या डिसेंबरमध्ये मशीन आलं, ८२च्या जानेवारीत टीव्हीवरची मालिका. १२ हजार खपतील असा अंदाज होता, खपली १५ लाख. सरकारनं शाळांना निम्मे पैसे दिले त्यामुळे इथल्या बहुतेक शाळांत तो होता. प्रोसेसर ६५०२, स्पीड २ मेगाहर्ट्झ. त्यात जी बेसिक होती ती विल्सनबाईंनी लिहिलेली, पण बेसिक ही भाषा मुळात १९६४ची, अमेरिकेत डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी केलेली, आणि केली होती सायन्स न घेतलेल्या पोरांसाठी. म्हणजे सरांच्या भूगोलाच्या बाई हाच खरा तिचा गिऱ्हाईक.

अवांतर, याच दोघांनी नंतर एआरएम प्रोसेसर डिझाईन केला, पहिला चिप १९८५च्या एप्रिलमध्ये चालला. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्यात बहुतेक त्याचाच वंशज आहे. सरांची पोरं एस्केप शोधत होती त्याच वर्षी.

पिंपळपार:

@टेम्सकाठी दादा, उशीर झाला हो.

काल संध्याकाळी लावला. सरांनी लिहिलेलं मी तोपर्यंत वाचलं नव्हतं पण खरंच बूऽऽ आणि मग बिप झालं, मुलगी दोन फूट मागे सरकली. जोडायला काही नव्हतं त्यामुळे नुसता आवाज ऐकून खूश होतो. चार-पाच मिनिटांनी डाव्या बाजूनं पांढरा धूर, इतका की बायको वरून धावत आली, जळक्या माशासारखा वास, अजून पडद्यांना येतोय. स्विच बंद केला. घरात मी सध्या फक्त हो आणि नाही एवढंच बोलतोय.

म्हणजे गेला का तो कायमचा?

टेम्सकाठी:

नाही नाही, गेला नाही. ते कपॅसिटर फक्त मेन्सचा गोंगाट गाळायला असतात, मशीन त्यांच्याशिवायही चालतं. टीव्ही रिपेअरवाल्याला सांगा एक्स टू टाईपचे बसव, साधे नको. दोन आहेत. पन्नास-शंभर रुपयांचं काम. पडद्यासाठी मागे गोल बीएनसीचं भोक आहे त्यातून जुन्या टीव्हीच्या पिवळ्या एव्ही पिनला वायर काढा, चित्र काळंपांढरं येईल पण येईल. पडद्यांच्या वासाला माझ्याकडे उपाय नाही.

बायफोकल_०५:

धागा भारी आहे. सरांच्या काळाच्या वीस वर्षं पुढचं सांगतो. आमच्याकडे मार्क होते पण बाकी सगळी बोंब होती 😀

अकरावी सायन्सला बायफोकल म्हणून कॉम्प्युटर सायन्स घेता यायचं, २०० मार्कांचं, त्याच्या बदल्यात दुसरी भाषा आणि बायो सोडायची. कुणीही कॉम्प्युटर आवडतो म्हणून घेत नव्हतं, बेडूक कापायचा नाही आणि टक्केवारी वर जाते म्हणून घ्यायचे. २००५ ला बारावी झालो. एका पेपरात सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, एचटीएमएल. टर्बो सीचा तो निळा पडदा, सगळ्यात वर आयओस्ट्रीम डॉट एच, मग व्हॉइड मेन आणि लगेच सीएलआरएससीआर (पडदा पुसायची आज्ञा). ते सीएलआरएससीआर कशाला हे मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापर्यंत विचारलं नाही, आरतीच्या आधी शंख वाजवतात तसं ते असतं असं वाटायचं.

दुसऱ्या पेपरात ८०८५ मायक्रोप्रोसेसर. १९७६चा चिप आम्ही २००५ला शिकत होतो याच्यावर लोक हसतात पण खरं सांगू का, आख्ख्या दोन वर्षांत मला तेवढंच समजलं. लाकडी पेटीत एक हिरवं किट, वीसेक बटणं आणि लाल आकडे दाखवणारा डिस्प्ले. स्क्रीन नाही. पत्ता टाकायचा आणि एकेक बाईट भरायचा, ३ई ०५ ०६ ०५ ८० ७६. म्हणजे ए मध्ये पाच ठेव, बी मध्ये पाच ठेव, बेरीज कर, थांब. मग रजिस्टर ए उघडून बघायचं. माझं उत्तर आलं ०ए (किट सोळाच्या पद्धतीत मोजतं, त्यात दहाला ए लिहितात). मी सरांना म्हटलं सर किट बिघडलंय, अक्षर आलं. सर म्हणाले तुला हाताला बोटं सोळा असती तर हे तू न शिकवता वाचलं असतंस. तेव्हा डोक्यात पहिल्यांदा लख्ख झालं की दहा ही गोष्ट वेगळी आणि '१०' हे लिहिणं वेगळं.

पण हे किट कॉलेजात तीन, मुलं ऐंशी. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला चिठ्ठी उचलायची आणि त्यावरचा प्रोग्रॅम करायचा, त्यामुळे सगळ्यांनी सगळे प्रोग्रॅम आकड्यांसकट पाठ केलेले. माझ्या शेजारच्यानं ८० च्या जागी ०८ टाकलं होतं, उत्तर भलतंच आलं, त्यानं जर्नलमधलं उत्तर लिहून दिलं आणि त्याला माझ्यापेक्षा दोन मार्क जास्त.

वर्गशिक्षिका:

वर सगळे कॉलेजवाले आणि इंग्लंडवाले, आमच्याकडचं पण जरा ऐका. मी मराठवाड्यात अनुदानित हायस्कूलला गणित-विज्ञान शिकवते.

केंद्राची आयसीटी (माहिती आणि संवाद तंत्रज्ञान) अ‍ॅट स्कूल ही योजना २००४च्या डिसेंबरातली, आमच्या शाळेपर्यंत पोचायला २०११ उजाडलं. दहा कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक जनरेटर, आणि भिंतीला निळा रंग. हे 'बूट' पद्धतीनं होतं, बूट म्हणजे ठेकेदार कंपनीनं लॅब उभी करायची, पाच वर्षं चालवायची, स्वतःचा शिक्षक नेमायचा आणि मग सगळं शाळेच्या ताब्यात देऊन जायचं. आमच्याकडे आलेला मुलगा बीसीए झालेला, हुशार, पोरांमध्ये मिसळणारा, पगार इतका कमी की सांगायला लाज वाटते, तोही चार-चार महिने थकायचा. तरी तो शिकवायचा. पाच वर्षं झाली, करार संपला, मुलगा गेला. त्या दिवशी त्यानं मला पासवर्डची चिठ्ठी दिली आणि म्हणाला मॅडम जनरेटरचं तेल बघत जा. मला जनरेटरचं काय कळतंय!

विजेचं विचारू नका. लोडशेडिंगचं वेळापत्रक आणि शाळेचं वेळापत्रक यांचं कधी जमलं नाही. आठवी 'ब' ची लॅब मंगळवारी आणि मंगळवारी लाईट नाही, असं एका वर्गानं वर्षभर कॉम्प्युटर फक्त बंद पडद्यात स्वतःचं तोंड बघण्यासाठी वापरला. लाईट असेल तेव्हा साठ पोरं दहा मशीनवर. एक बसणार, पाच उभी, आणि बसणारा बहुतेक वेळा मुलगाच. मी मग नियम केला की पहिली पंधरा मिनिटं माऊस मुलींच्या हातात. मुलांनी तक्रार केली, चालू दिला नियम.

दसऱ्याला मात्र पूजा न चुकता. कव्हर काढायचं, झेंडूचा हार मॉनिटरला, हळदीकुंकू सीपीयूला, आपट्याची पानं कीबोर्डवर. एका वर्षी शिपाईमामांनी कुंकू जरा सढळ वाहिलं, एंटरची कळ बसली ती उठलीच नाही. त्यानंतर त्या मशीनवरच्या पोरांना सगळं यायचं, फक्त एंटर यायचं नाही 😂

आणि शिकवायचं काय तर पेंटमध्ये घर, मागे डोंगर, डोंगरात सूर्य. वर्डमध्ये मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज. सरांच्या बीबीसीवर पोरं प्रोग्रॅम लिहीत होती हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, आम्ही पुढे आलो की मागे गेलो. दहावीचे पेपर संपले की तीच पोरं तालुक्याला जाऊन एमएससीआयटी करतात, ते २००१ साली निघालं आणि सरकारी नोकरीला लागतं म्हणून घरोघरी पोचलं. त्यातही पुन्हा वर्ड, एक्सेल. उपयोग होतो, नाही म्हणत नाही, माझ्याच एका विद्यार्थिनीला त्यावर ग्रामपंचायतीत डेटा एंट्रीचं काम मिळालं.

केरळचं बघा. त्यांनीही २००१च्या सुमाराला सुरुवात केली, आयटी अ‍ॅट स्कूल म्हणून, पण बाहेरचा ठेकेदार शिक्षक न आणता शाळेतल्याच शिक्षकाला समन्वयक नेमलं, लिनक्स घेतलं, दुरुस्ती शिक्षकांनाच शिकवली आणि आयटी थेट दहावीच्या परीक्षेत घातलं. माणूस शाळेतच राहिला म्हणून विषय राहिला. आमचा माणूस करारासोबत गेला.

एक_शंका:

म्हणजे निष्कर्ष काय, जुनं ते सोनं? १९८५ला किती टक्के पोरांना ते बीबीसी बघायला मिळालं? अडीचशे शाळा म्हणजे दर्यात खसखस. आणि गोटू शिकून कुणाचं भलं झालं? आता नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंग आहे, सगळ्यांसाठी आहे. उगाच स्मरणरंजन.

टेम्सकाठी:

@एक_शंका, अडीचशे शाळांचा मुद्दा मान्य. पण मागे गेलो का हा ताईंचा प्रश्न फक्त आपल्यापुरता नाहीये, ज्या देशानं हे मशीन बनवलं तोच देश त्याच खड्ड्यात पडला. नव्वदीत विंडोजचे पीसी आले, बीबीसी मायक्रो इथल्याही शाळांच्या ट्रंकेत गेले, आणि विषयाचं नाव झालं आयसीटी. शिकवायचे काय, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट. माझा मोठा मुलगा तेच शिकला, त्यानं चौदाव्या वर्षी शाळेच्या कँटीनवर अठरा स्लाईडचं प्रेझेंटेशन केलं होतं, प्रत्येक स्लाईड वेगळ्या बाजूनं उडत येणारी. युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटरला अर्ज करणारी मुलं कमी व्हायला लागली, आणि जी यायची त्यांनी कधी एक ओळ लिहिलेली नसायची. २०११ साली गुगलचे एरिक श्मिट एडिंबराला येऊन भर सभेत म्हणाले की तुमच्या शाळांत कॉम्प्युटर सायन्स सरसकट शिकवतच नाहीत हे ऐकून मी थक्क झालो. २०१२च्या जानेवारीत रॉयल सोसायटीचा अहवाल आला, त्याच महिन्यात शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना आयसीटीचा अभ्यासक्रम मोडीत काढायचं जाहीर केलं, आणि २०१४च्या सप्टेंबरपासून इंग्लंडमध्ये अगदी पाच वर्षांच्या पोरांपासून कॉम्प्युटिंग सुरू झालं. रास्पबेरी पाय हा छोटा स्वस्त कॉम्प्युटर पण २०१२च्या फेब्रुवारीतलाच, तोही केंब्रिजचा, त्याच्या मॉडेलला ए आणि बी ही नावं बीबीसी मायक्रोवरूनच दिलीत.

आणि इथेही तेच झालं, अभ्यासक्रम बदलला पण शिकवणारे तेच, काल पॉवरपॉइंट शिकवणाऱ्या बाईंना सोमवारपासून पायथॉन शिकवायचं. धाकट्याच्या बाई पहिल्या वर्षी त्याच्याच वहीतून शिकत होत्या. त्याला फार भाव चढला होता.

वर्गशिक्षिका:

@एक_शंका, सहावीपासून कोडिंग सगळ्यांसाठी असं कागदावर आहे. माझ्या शाळेत येऊन ती दहा मशीन बघा, त्यातली चालू किती ते मोजा, मग बोलू. एंटर नसलेलं एक त्यात आहेच.

पिंपळपार:

मंडळी अपडेट. बाजारपेठेतल्या टीव्हीवाल्या काकांनी दोन्ही कपॅसिटर बदलले, ऐंशी रुपये घेतले, वर म्हणाले असं मशीन मी १९८८ला एकदा उघडलं होतं तेव्हा आत पाल होती. आईच्या खोलीतला जुना टीव्ही लावला. आलं! बीबीसी कॉम्प्युटर ३२के, बेसिक, बाण. काळंपांढरं, थोडं थरथरतं. मुलीनं विचारलं आता काय करायचं, मी म्हटलं माहीत नाही, आणि ती त्या रेघेकडे बघत बसली, अगदी सरांनी लिहिलंय तसंच.

आता एक नवीन कोडं. ट्रंकेच्या तळाला एक चौकटीची वही होती, नाव फाटलंय. आत पानापानांवर आठ बाय आठ घरांचे चौकोन आखलेत, काही घरं पेन्सिलनं काळी केलीत, आणि प्रत्येक ओळीसमोर आकडा. गंमत म्हणजे प्रत्येक चौकोनाच्या पहिल्या ओळीसमोर २५५च लिहिलंय. पानंच्या पानं २५५. एका पानावर २५५, ३४, ३४, ३४, ६२, ९८, ९८, २ आणि खाली लाल पेननं 'छान'. हे काय आहे? कुठला कोड?

खडूवाले_सर:

पिंपळपार, वही जपून ठेवा. कुठल्या शाळेची आहे ते इथे लिहू नका, मला फोनवर सांगा.

त्या यंत्रावर मराठी नव्हतं. सगळे प्रोग्रॅम विलायतेचे, इंग्रजीत. पण त्यात एक सोय होती, आपलं अक्षर आपण घडवायचं. एका अक्षराला आठ ओळी, ओळीत आठ घरं. काळ्या घराला १, पांढऱ्याला ०, आणि ओळीची किंमत काढायची, डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. आठही घरं काळी केली तर बेरीज २५५. मराठी अक्षराची पहिली ओळ बहुतेक वेळा पूर्ण काळी असते हो. शिरोरेषा!

हा उद्योग माझा नाही, आमच्याकडे तो भूगोलाच्या बाईंनी सुरू केला, आणि ट्रेनिंगला आलेल्या बाकी शाळांच्या शिक्षकांनी त्यांच्याकडून उचलला. मी द्विमान पद्धत फळ्यावर तीन आठवडे शिकवून पोरांच्या डोक्यात शिरली नव्हती, ती बाईंच्या चौकटीच्या वहीत दोन तासांत शिरली. तुम्ही दिलेले आठ आकडे घरांत भरून पाहा, म निघतो.

टेम्सकाठी:

कागदावर भरला, म आहे! टाकायचं असं: व्हीडीयू २३,२२४ आणि मग स्वल्पविराम देऊन ते आठ आकडे, एंटर. मग प्रिंट सीएचआर डॉलर, कंसात २२४.

पिंपळपार:

टाकलं. म काही आला नाही. आकडे तीनदा तपासले.

खडूवाले_सर:

चालू केल्यावर यंत्र मोड ७ मध्ये असतं, त्यात आपली अक्षरं दिसत नाहीत. आधी मोड ४ लिहा, एंटर, मग पुन्हा प्रिंट. आमचंही पहिल्या दिवशी हेच झालं होतं, बाई रडायच्या बेतात होत्या.

पिंपळपार:

आला सर. म आला. शिरोरेषेसकट. आई उठून टीव्हीजवळ येऊन बघून गेली.

मुलीनं पायथॉनची वही उलटी करून मागच्या पानावर चौकोन आखायला घेतलेत, स्वतःचं नाव लिहायचंय तिला. अडलीय वेलांटीवर. शिरोरेषा पहिल्या ओळीत गेली तर तिच्या वर वेलांटीला घरच उरत नाही, म्हणते. भूगोलाच्या बाईंनी वेलांटीचं काय केलं होतं?